रविवारी वाचू

‘रीड इट लेटर’ असं सरळसोट नाव होतं, तेव्हापासून मी ते लेख नंतर वाचायला साठवून ठेवायचं अ‍ॅप वापरत होते. २०१२ साली त्याचं पॉकेट झालं, २०१७ला फायरफॉक्सवाल्या मोझिलाने ते घेतलं आणि ८ जुलै २०२५ला बंद केलं. डबा खाताना लेख टाकायचा, तो फोनवर उतरून बसायचा, आणि बदलापूर फास्ट पारसिकच्या बोगद्यात शिरून नेटवर्क गेलं तरी वाचता यायचा. बसायला जागा मिळाली तर. आमच्या लाइनवर हा ‘तर’ फार मोठा.

बंद होण्याआधी सगळं उतरवून घेतलं. झिपमधून सीएसव्ही निघाली, म्हणजे साध्या मजकुरातली यादी. एक्सेलमध्ये उघडली, तर मराठी मथळ्यांच्या जागी नुसती किडामुंगी. यूटीएफ-८ ही अक्षरं साठवायची पद्धत निवडून पुन्हा आत घेतली तेव्हा कुठे अक्षरं दिसली. तारखेच्या रकान्यात दहा आकडी संख्या. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद म्हणे. त्याला ८६४०० ने भागून २५५६९ मिळवले की तारीख येते. आली.

पहिलीच ओळ २०१३ची, भाजणीच्या प्रमाणाची. न वाचलेली. त्या दिवशी आईलाच फोन लावला असणार.

लिंक दाबली तर पान गायब. एका वर्तमानपत्राने मधे साइट बदलली, त्यामुळे त्यांचे सगळे जुने लेख आता थेट मुखपृष्ठावर नेऊन सोडतात. आणि फाइलमध्ये मजकूर नव्हताच, फक्त मथळा आणि पत्ता. इतकी वर्षं मला वाटत होतं, लेख माझ्याकडे आहेत!

आता भाच्याने त्याच्या सर्व्हरवर वॉलाबॅग हे तसंच अ‍ॅप टाकून दिलंय. त्यात लेखाचा मजकूरच उतरतो, मूळ पान गेलं तरी राहतो. इन्स्टापेपरही चांगलं आहे, २००८ पासून तग धरून आहे, पण मी आता दुधाने तोंड पोळलेली. सर्व्हर घरातला बरा. बंद पडला तर ओरडायला माणूस तरी आहे.

जुनी यादी आत घेताना भाच्याने मी लेखांना लावलेल्या टॅगवर फिल्टर लावला. ‘रविवारी’ या टॅगखाली ४१२ लेख.

“मावशी, कुठल्या रविवारी?”

मी चहा टाकायला उठले.