काकूंचा टकला लव्हबर्ड
आज होटगी रोडला काकूंकडे गेलो तर त्यांच्या लव्हबर्डची छाती पार उघडी, पिंजऱ्यात खाली हिरवी पिसं न् राळ्याची फोलपटं. काकू म्हणतात उन्हाळ्यात गळतंच रे. पण डोक्यावरची पिसं शाबूत होती, म्हणजे हा स्वतःच उपटतोय, डोक्यापर्यंत चोच पोचतच नाही ना! नुसतं राळं-बाजरी खाऊन व्हिटॅमिन ए कमी, त्यात सोलापूरची कोरडी हवा, दिवसभर एकटा आणि रात्री उशिरापर्यंत टीव्हीशेजारी, मग काय करेल बिचारा. म्हटलं आधी पक्ष्यांच्या डॉक्टरला दाखवा, लिव्हरचं किंवा कातडीचं काही असलं तर घरगुती उपायांनी काय होणार? बाकी शेवग्याचा पाला, गाजर, आंघोळीला उथळ ताटली, रात्री 10-12 तास अंधार. तेल मात्र लावू नका, पिसं चिकटतात. काकूंनी लगेच पिंजरा आतल्या खोलीत नेला, टीव्ही काही बंद केला नाही 😄