सिगिरिया: कश्यपाच्या राजवाड्यावर चढताना

श्रीलंकेतल्या सिगिरिया या उभ्या कातळाच्या सुमारे १२०० पायऱ्या सकाळी दार उघडताच चढायला लागा. उशीर झाला की भित्तिचित्रांकडे नेणाऱ्या गोल जिन्यात रांग तुंबते, शिवाय माथ्यावर सावली नावालाच. चित्रांचे फोटो काढायला बंदी आहे. सिंहाच्या भव्य शिल्पाच्या उरलेल्या पंजांपाशी मात्र रेंगाळा: वरच्या कातळात खोदलेल्या खाचा दिसतील. जुना विटांचा जिना त्यांच्याच आधाराने उभा होता. आता लोखंडी आहे. इथे गांधीलमाश्यांची पोळी असतात, आरडाओरडा नको. माथ्यावर राजा कश्यपाच्या (राज्यकाळ इ. स. ४७७–४९५) राजवाड्याचे विटांचे पायेच उरलेत, महाल शोधायला जाल तर हिरमोड ठरलेला. खरं पाहण्यासारखं कातळात कोरलेलं मोठं टाकं, आणि पश्चिम कडेवरून दिसणारी पाणबागांची काटेकोर आखणी.