पांढरी पाचची भुणभुण

आपल्याकडच्या विजेलाही एक सूर आहे आणि तो पांढरी पाचच्या, म्हणजे हार्मोनियमच्या सप्तकातल्या पाचव्या पांढऱ्या पट्टीच्या, किंचित वर लागतो. वीज ५० हर्ट्झची. बेस गिटारच्या सर्वांत जाड तारेवर तिसऱ्या पडद्याला निघणारी पांढरी पाच ४९ हर्ट्झची. अँपमधून भुणभुण येत असताना हा सूर धरला की दोघं मिळून सेकंदाला साधारण एक हेलकावा घेतात. वरच्या पटींत, म्हणजे १०० आणि १५० हर्ट्झच्या आसपास, तेच हेलकावे दोन-तीन होतात, आणि लहान स्पीकरवर ते आधी ऐकू येतात. सगळ्यांना वाटतं बेस उतरलाय. वादक बिचारा ट्यूनर लावून बसतो आणि ट्यूनर हिरवा दिवा दाखवतो.

मधल्या किमतीतला बेस घ्यायला निघालेल्याने ही भुणभुण आधीपासून डोक्यात ठेवावी. कारण खोक्यावर नाव कुणाचंही असो, निवड बहुतेक वेळा बेसच्या दोन नमुन्यांतलीच असते: प्रिसिजन की जॅझ. लिओ फेंडरच्या कारखान्यातून पहिला १९५१ साली आला, दुसरा १९६० साली. स्क्वायरच्या क्लासिक वाइबपासून सायरच्या व्ही-७ पर्यंत दुकानात जे टांगलेलं दिसतं, त्यातलं बरंचसं या दोन घराण्यांतलंच. दोघांच्याही तारांची लांबी ३४ इंच, आणि ब्रिजवर, म्हणजे धडावर तारा अडकतात तिथे, दोन तारांमधलं अंतरही जवळजवळ सारखं. उजव्या हाताला फारसा फरक कळत नाही. डाव्या हाताला कळतो, आणि साउंडवाल्याला तर लगेच.

१९५७ पासून प्रिसिजनचं पिकअप, म्हणजे तारेचं कंपन पकडणारं चुंबक-वेटोळं, दोन तुकड्यांत असतं. प्रत्येक तुकड्याच्या वाट्याला दोन तारा. एकाचं चुंबक आणि वेटोळं दुसऱ्याच्या उलटं, त्यामुळे हवेतली भुणभुण दोघांत वजा होते आणि तारेचा आवाज मात्र शाबूत राहतो. जॅझवर दोन स्वतंत्र सिंगल कॉइल, म्हणजे एकाच वेटोळ्याची पिकअप, असतात. दोन्ही नॉब पूर्ण उघडे असतील तर तीही शांत राहतात. पण एक जरा खाली घेतलं की लग्नाच्या मांडवातले डिमर, ट्रान्सफॉर्मर, एलईडीचे सप्लाय, सगळे तारेत शिरतात. गंमत अशी, की दोन्ही नॉब पूर्ण उघडल्यावर जॅझचा आवाज मधोमध पोकळ होतो. तो भरायचा तर एक पिकअप कमी करावं लागतं, आणि कमी केलं की भुणभुण परत.

हा पोकळपणा दुकानात गोड वाटतो. खाली गडगडाट, वर काचेसारखी टणक किनार, स्लॅप केला, म्हणजे अंगठ्याने तारेवर ठोका मारला, तर चार माणसं वळून बघतात. शेजारचा प्रिसिजन त्यापुढे ठोंब्या वाटतो. पण स्टेजवर खाली ऑक्टापॅडची किक आणि ढोलकीची धुम असते, वर झांजा आणि कीबोर्ड. बेसला उरते ती मधली गल्ली, आणि जॅझने नेमकी तीच मोकळी सोडलेली असते. प्रिसिजनचा ठोंब्या आवाज तिथे आरामात बसतो. म्हणून दुकानात निवाडा करताना अँपचे सगळे नॉब मध्यावर ठेवावेत, मोबाइलवर नुसता ठेका लावावा, आणि दोन्ही बेस समान मोठ्या आवाजात वाजवावेत. यातली शेवटची गोष्ट फार कमी लोक करतात. ॲक्टिव्ह, म्हणजे आत बॅटरीवरचं सर्किट असलेला, बेस मुळातच मोठा वाजतो, आणि कान मोठ्यालाच चांगलं म्हणतो.

भुणभुण कुठून येते हे ओळखायला तीन खुणा पुरतात. बेस घेऊन जागच्या जागी वळल्यावर ती कमी-जास्त होत असेल तर पिकअप ती पकडतंय. अर्थिंगवर खापर फोडू नये. तारांना हात लावल्यावर कमी होत असेल तर आतल्या पोकळीला तांब्याची पट्टी लावून घ्यावी. दोन्हींनी काहीच होत नसेल तर अँप आणि मिक्सरच्या अर्थिंगचा वेढा पडलाय, डीआय बॉक्सवरचं (बेसचा आवाज मिक्सरला नेणारी डबी) ग्राउंड लिफ्टचं बटण दाबावं. प्लगची अर्थिंगची पिन मोडण्याचा मंडपातला लोकप्रिय उपाय कुणीही करू नये. बेसच्या तारा अर्थिंगला जोडलेल्या असतात आणि माइक ओठांजवळ असतो.

आता डावा हात. जॅझची मान नटपाशी, म्हणजे खुंट्यांकडच्या टोकाला, ३८ मिलिमीटर, प्रिसिजनची साधारण ४१ ते ४४. तीन ते सहा मिलिमीटरने काय होतं असं वाटेल. आपल्याकडे होतं, कारण आपले बरेच गायक काळी एकमध्ये, म्हणजे पहिल्या काळ्या पट्टीला सा धरून, गातात. काळी एकच्या शुद्ध स्वरांच्या सप्तकात बेसची एकही मोकळी तार येत नाही. म्हणजे रात्रभर एकही सूर बोट न दाबता मिळत नाही, आणि षड्ज दुसऱ्या जाड तारेच्या चौथ्या पडद्याला. पडद्यांमधलं अंतर दोन्हीत सारखंच, त्यामुळे ताण सारखाच बसतो. पण अरुंद मानेवर अंगठा कमी थकतो. ज्याचा पंजा लहान आहे आणि जो तीन-तीन तास सलग वाजवतो, त्याने इथे जॅझला मत दिलं तर चूक म्हणता येणार नाही. खालचा काळी एक हवा असेल तर दोघंही उपयोगाचे नाहीत, पाच तारांचा घ्यावा लागतो.

मधल्या किमतीतले बरेच जॅझ ॲक्टिव्ह असतात. सायरच्या व्ही-७ मध्ये ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या बसतात. जॅकमध्ये केबल असेपर्यंत त्या चालू राहतात; शो संपल्यावर केबल तशीच ठेवून घरी नेलेला बेस त्या खात बसतो. बॅटरी मरताना आधी आवाज फाटतो, मग दबतो, आणि हे नेमकं गाण्याच्या मध्यावर होतं. मल्टीमीटरवर ८ व्होल्टच्या खाली गेली की बदलावी, दोन असतील तर दोन्ही एकदम. पॅसिव्हला, म्हणजे बॅटरीशिवाय, ठेवायचं बटण असलेलाच बेस घ्यावा. पूर्ण पॅसिव्ह बेसमध्ये बिघडण्यासारखं फारसं नसतंच: नॉबखालचे दोन-तीन पॉट, एक कपॅसिटर, एक जॅक. सोल्डरिंग येणारा कुठल्याही गावातला रेडिओवाला ते दुरुस्त करतो. पॅसिव्हला मात्र ॲक्टिव्ह डीआय बॉक्स लावावा. मिक्सरच्या लाइन इनपुटमध्ये थेट खुपसला तर घोंगडीखालून वाजल्यासारखा येतो.

वजन सामान मोजायच्या काट्याला टांगून बघावं. चार किलोपर्यंत ठीक, त्यापुढे खांदा बोलायला लागतो. पट्टा तीन इंच रुंद घ्यावा. मग पट्ट्यावर बेस अडकवून दोन्ही हात सोडावेत. मान खाली झुकली तर डावा हात पुढची काही वर्षं सूर धरण्याऐवजी लाकूड धरणार. सर्वांत बारीक तारेवर पाचव्या ते सातव्या पडद्यादरम्यान एकेक सूर लांबवून बघावा. या जातीच्या बेसना तिथे एखादा मुका, लगेच विझणारा सूर असू शकतो आणि तो कुठल्याही सेटिंगने जात नाही.

बाकी सेटिंगने जातं. पहिला पडदा आणि मान जिथे धडाला मिळते तिथला पडदा एकदम दाबून आठव्या पडद्यावर ०.३ मिलिमीटर फट हवी. कोकणात, गोव्यात पावसाळ्यात ही फट बदलते. मानेतली ट्रस रॉड ही सळई एका वेळी पाव फेराच फिरवावी, तार परत सुरात लावावी आणि मग पुन्हा मोजावं.

इतकं करूनही ज्यांचा जीव दोघांत अडकतो त्यांच्यासाठी यामाहाच्या बीबी-४३४ सारखे बेस आहेत, पुढे प्रिसिजनचं पिकअप आणि मागे जॅझचं. मागचं उघडलं की पांढरी पाचची ती पाहुणी थोडी परत येते, एवढं गृहीत धरावं. दुसरी वाट जुन्या वादकांची: धड प्रिसिजनचं ठेवायचं आणि चार स्क्रू काढून जॅझची मान बसवायची. मानेचा तळ ६३.५ मिलिमीटर आहे ना, एवढं आधी पट्टीने मोजून घ्यायचं. काही कंपन्यांचा नसतो.