माझा अनुभव: पणजोबांची एक ओळ आणि रेकॉर्ड रूमच्या पाच खेपा

स्वारगेटहून सकाळची एसटी पकडायची, तालुक्याला उतरायचं आणि दुपारी हात हलवत परत यायचं, असं चार वेळा झालं. पाचव्या खेपेला पणजोबांच्या मृत्यूची नोंद मिळाली. ऑफिसचं नाव लिहीत नाही, पण राग अजून गेलेला नाही म्हणून लिहायला बसले.

भाचीला शाळेत वंशवृक्ष काढून आणायला सांगितला होता आणि आमचा वंशवृक्ष आजोबांपाशी येऊन थांबला. त्याच्या वर पणजोबांचं नुसतं नाव. घरात कागदाचा एक चिटोरासुद्धा नाही, कारण आजोबा तेव्हा नारायण पेठेत नदीच्या बाजूला भाड्याने राहायचे आणि 12 जुलै 1961 ला पानशेतच्या पुरात कागदांची पत्र्याची ट्रंकच वाहून गेली. नाशिकचं काम अर्ध्या दिवसात झालं, आडनाव आणि मूळ गाव सांगितल्यावर तीर्थोपाध्यायांच्या, म्हणजे यात्रेला येणाऱ्या घरांच्या वंशावळी लिहून ठेवणाऱ्या गुरुजींच्या, वहीत चार पिढ्यांची नावं निघाली, फक्त जन्ममृत्यूच्या तारखा नव्हत्या.

त्या तारखेसाठी तहसीलच्या रेकॉर्ड रूमला गेले. गावाचं जुनं जन्म-मृत्यू रजिस्टर, म्हणजे गाव नमुना 14, तिथे असतं. कोर्ट फी स्टॅम्प लावून नकलेचा अर्ज दिला तर कारकून म्हणाले, "मॅडम, साल लिहा, साल नसेल तर शोधता येत नाही." अहो साल माहीत असतं तर मी कशाला आले असते? तारीख आणा मग नोंद देतो, आणि तारीख तर त्या नोंदीतच. बाहेर बाकावर बसून विचार केला, आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख 1 जून 1917 आहे, आणि आजोबांनी वडिलांचं तोंड पाहिलं नव्हतं हे घरात सगळ्यांना माहीत, म्हणजे पणजोबा त्याच्या आधी गेले. लिहिलं 1916 ते 1917. पंधरा दिवसांनी या.

पंधरा दिवसांनी गेले तर साहेब मीटिंगला, आणि कुणबी नोंदी शोधायच्या कामात गठ्ठे इकडचे तिकडे झालेत म्हणे. तिसऱ्या वेळी उत्तर मिळालं, "नोंद आढळून येत नाही." एवढंच, सहीसकट. मी म्हटलं रजिस्टर मला बघू द्या, तर म्हणाले सगळं मोडी लिपीत आहे, तुम्हाला काय वाचता येणार. हे वाक्य मला फार लागलं. माझ्याच माणसाचं नाव त्या कपाटात आहे आणि मी काचेच्या अलीकडे उभी. घरी येऊन माहिती अधिकाराचा अर्ज केला, दहा रुपयांत होतो, त्यात "अभिलेखाचं निरीक्षण करायचं आहे" असं स्पष्ट लिहा, नुसती माहिती मागू नका, कारण कागद डोळ्यांनी बघणं हासुद्धा हक्क आहे. तीस दिवसांची मुदत असते त्यांना. अठ्ठाविसाव्या दिवशी पत्र आलं, चौथ्यांदा गेले, एक ओळखीचे मोडी वाचणारे काका बरोबर नेले (पुण्यात असे जाणकार मिळतात, सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळात चौकशी करा), दोन्ही वर्षं पानन् पान पाहिली. खरंच नव्हती नोंद.

त्या दिवशी एसटीत मला रडू आलं.

आणि उत्तर हडपसरला होतं, माझ्या आत्याकडे, जिला मी चार महिने काही विचारलंच नव्हतं. आत्या चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. चहा पिता पिता सहज म्हणाली, "अगं, ते मानमोडीत गेले. गावात रोज तिरडी उठायची, त्या साली कुणी दिवाळी केली नाही असं आजी सांगायची. आण्णा तेव्हा पोटात होते." आण्णा म्हणजे माझे आजोबा. मानमोडी म्हणजे 1918 ची इन्फ्लुएंझाची साथ! आणि 1 जून? "ती मास्तरांनी लावलेली तारीख, वय बसावं म्हणून." त्या काळच्या कितीतरी लोकांचा वाढदिवस 1 जूनलाच का असतो ते असं आहे. शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख खरी मानून शोधायला जाऊ नका.

सप्टेंबर ते डिसेंबर 1918 असा नवीन अर्ज केला. त्याच कारकुनांनी अर्ध्या तासात रजिस्टर काढून दिलं. काका वाचत होते आणि मी ऐकत होते, ताप, ताप, परत ताप, एकेका घरातली दोन दोन माणसं. मग आमचं नाव आलं. वय 26. मला खूप अभिमान वाटला, त्या एका ओळीचा.

म्हणून आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडे बसा, मोबाईलवर रेकॉर्डिंग लावा, "जन्म कधी" असं विचारू नका, कोणत्या दुष्काळात, कोणत्या साथीत, कुणाच्या लग्नाआधी असं विचारा. आणि हो, नक्कल साक्षांकित घ्या, नुसता फोटो काढून येऊ नका. मोडीचं लिप्यंतर त्याच दिवशी वहीत उतरवा.

आता एक राहिलंय. नाशिकच्या वहीत आणि रजिस्टरमध्ये पणजीचा पत्ताच नाही. सव्विसाव्या वर्षी गेलेल्या नवऱ्यामागे पोटातलं मूल वाढवलं तिने, आणि तिचं माहेरचं नाव आम्हाला माहीत नाही. आत्याला एवढंच आठवतं की ती माहेरी जाताना नावेतून भीमा ओलांडायची. रविवारी परत हडपसरला जाणार आहे, भाचीलाही नेणार, प्रश्न तीच विचारणार आहे.