लाल रंगाखालचं नाव

“अशाच लाल रंगाखाली आमच्या वडिलांचं नाव गेलं.”

इंग्लंडमध्ये, लँकेशायरमधल्या जुन्या लॉऱ्यांच्या मेळाव्यात शेजारी उभे असलेले एक आजोबा म्हणाले. समोर ब्रिटिश रोड सर्व्हिसेसची, म्हणजे सरकारी मालवाहतूक कंपनीची, लालभडक लेलँड लॉरी उभी. (हो, आपल्या अशोक लेलँडमधलंच लेलँड. ते गाव इथेच आहे.)

१९४७ च्या कायद्यानं लांब पल्ल्याची मालवाहतूक सरकारजमा झाली. दोन-चार गाड्यांचे घरगुती धंदेसुद्धा त्यात गेले. पेंटरनं हातानं रंगवलेली मालकाची, गावाची नावं सरकारी रंगाखाली गडप. पुढे सरकार बदललं आणि १९५३ मध्ये गाड्या पुन्हा विकायला काढल्या.

“पैसे मिळाले हो,” आजोबा म्हणाले, “पण वडील रस्त्यावर आपल्या जुन्या गाड्या ओळखायचे. इंजिनच्या आवाजावरून!”

कौतुक सगळे गार्डनर इंजिनाचं, फोडेन आणि ईआरएफ या लॉऱ्यांचं करत होते. अवजड लॉरीला १९५७ पर्यंत ताशी २० मैलांचीच मर्यादा होती, यावर हशाही झाला. मला मात्र त्या दारांवरची अक्षरंच बघत राहावीशी वाटली. रेल्वे सरकारनं घेतली ते एक वेळ समजतं, पण बापलेकांची लॉरी?

तुमच्याकडे कुणाच्या ट्रकच्या दारावर घरचं नाव होतं का?