एक शोरूम, दोन साडू

आमच्याकडे गाडी घ्यायला निघालेला माणूस तीन गोष्टी सोबत घेतो: पैसे, बायको आणि मिस्त्री. अमळनेरला माझं गॅरेज आहे. त्यामुळे वर्षातून बऱ्याच वेळा मी कुणाच्या तरी मागच्या सीटवर बसून जळगावच्या नाहीतर धुळ्याच्या शोरूमला जातो. फी घेत नाही. शेवभाजीचं जेवण आणि पुढची सगळी सर्व्हिसिंग आपल्याकडे, एवढंच ठरलेलं असतं.

डिसेंबर 2024 मधली ती फेरी मात्र लक्षात राहिली, कारण त्या दिवशी एकाच शोरूममध्ये, एकाच टेबलावर, एकाच गाडीबद्दल मी दोन माणसांना दोन उलटे सल्ले दिले. त्यात ते दोघे एकमेकांचे साडू.

मोठे साडू नाना. अडुसष्ट वर्षांचे, गणिताचे निवृत्त शिक्षक. त्यांची जुनी डिझेल डिझायर माझ्याकडेच वाढली म्हणायची. तिचं 1.3 चं डिझेल इंजिन मूळ फियाटचं. बीएस-6, म्हणजे धुराचे नवे कडक नियम आल्यावर, एप्रिल 2020 पासून मारुतीने डिझेल गाड्याच बंद केल्या, त्यामुळे 'तशीच परत' घेण्याचा प्रश्न नव्हता. धाकटे साडू जिभाऊ, चोपड्याकडचे केळीचे व्यापारी. रावेर, यावल, बऱ्हाणपूर अशी रोजची भटकंती. वर्षाला चाळीस हजार किलोमीटर सहज होतात आणि चार वर्षांत गाडी बदलतात. दोघांनी डिझायरच घ्यायची ठरवली होती, पण कोणती यावर धरणगाव येईपर्यंत गाडीत वाजलं.

भानगड अशी की नवीन डिझायर 11 नोव्हेंबर 2024 ला बाजारात आली होती आणि जुन्या शेपच्या काही गाड्या अजून शोरूमच्या यार्डात उभ्या होत्या, घसघशीत सूट लावून. नानांना नवीन हवी होती, कारण पुण्याच्या मुलाने फोनवर सांगितलं होतं, "फाइव्ह स्टार आहे, डोळे मिटून घ्या." जिभाऊंना जुनी हवी होती, कारण सूट.

"मिस्त्री, माले नवं-जुनं काही समजत नही. पैसा कथा वाचस ते सांग," जिभाऊ अहिराणीत म्हणाले. पैसा कुठे वाचतो, एवढंच त्यांना हवं होतं.

शोरूममध्ये शिरल्या शिरल्या सेल्समनने आम्हाला सगळ्यात वरच्या मॉडेलपाशी उभं केलं. लाल रंग, वर सनरूफ. बटण दाबून त्याने छत उघडून दाखवलं. माईंनी, म्हणजे नानांच्या मंडळींनी, वर पाहिलं आणि म्हणाल्या, "आपला उन्हाळामा छतले भोक कोन पाडस?" जळगावात मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो. सनरूफचा विषय तिथेच मिटला.

मग मी बॉनेट उघडायला लावलं, दोन्ही गाड्यांचं. जुन्या डिझायरमध्ये चार सिलिंडरचं 1.2 पेट्रोल इंजिन, 90 पीएस. नव्यात तीन सिलिंडरचं, तेही 1.2 च, पण 82 पीएस. म्हणजे नव्या गाडीत ताकद कमी आणि ॲव्हरेज जास्त. मॅन्युअलला कंपनी जुन्याचं 22.41 सांगते, नव्याचं 24.79. टेस्ट ड्राइव्हला दोन्ही चालवल्या. एसी लावून जागेवर उभी असताना नव्या गाडीत बारीक थरथर जाणवते. जुनी त्या मानाने गपगार. मला स्वतःला विचाराल तर चार सिलिंडरचं इंजिन मला आवडतं. कानाला बरं वाटतं.

जिभाऊंनी ते बरोबर पकडलं. "तीन सिलिंडर म्हणजे रिक्षाच ना?"

हे मला रोज ऐकावं लागतं. अहो, ज्या मारुती 800 वर अर्धा खान्देश गाडी चालवायला शिकला, ती तीनच सिलिंडरची होती. अल्टोही तीनच सिलिंडरची. तेव्हा कुणी मोजले नाहीत. शिवाय हे इंजिन डिझायरसोबत पहिल्यांदा आलेलं नाही, मे 2024 मध्ये स्विफ्टमध्ये आधीच आलं होतं. अगदी पहिल्या लॉटची भीती धरायचं कारण नव्हतं.

सेल्समन पोरगा हुशार होता, पण त्याला जुना स्टॉक संपवायचा होता. त्याने मधल्या मॉडेलचा हिशेब मांडला. नव्याची एक्स-शोरूम 7 लाख 79 हजार. जुन्याची आधीच थोडी कमी, त्यावर सूट, टॅक्स आणि विम्यातला फरक धरून ऑन-रोडला दोन्हींत साधारण 80 हजारांचं अंतर. जिभाऊंचा हात खिशाकडे गेला.

मी म्हटलं, "जिभाऊ, तुम्ही नवीन घ्या."

पोराचा चेहरा पडला. जिभाऊंचाही. मी कागद ओढून घेतला. 40 हजार किलोमीटरला जुन्या गाडीला 1785 लिटर पेट्रोल लागेल, नव्याला 1614. वर्षाला 171 लिटरचा फरक. पेट्रोल 105 च्या आसपास धरलं तर 18 हजार रुपये. चार वर्षांचे 72 हजार, म्हणजे सूट जवळपास पेट्रोलमध्येच फिटली. आता कंपनीचा आकडा रस्त्यावर मिळत नाही हे मीही जाणतो. पण दोन्ही गाड्या त्याच प्रमाणात खाली आल्या तर वाचणारं पेट्रोल उलट वाढतं, कारण एकूण जळतंच जास्त.

खरा मुद्दा पुढचा होता. जिभाऊ चार वर्षांनी गाडी विकणार. जुना शेप 2017 चा. आरसीवर 2024 छापलेलं असलं तरी सेकंडहँड बाजारात गिऱ्हाईक लांबून आधी शेप बघतं, कागद नंतर. 2028 मध्ये त्यांची दीड लाखाच्या वर किलोमीटर झालेली गाडी दोन पिढ्या जुनी दिसायला लागली, तर आजची सूट विकताना मागच्या दाराने निघून जाते. सीएनजी त्यांनी आधीच कापलं होतं: डिकीत टाकी नको आणि पंपावरच्या रांगेत उभं राहायला वेळ नाही.

आणि रोज हायवेवर असणाऱ्या माणसाला मी सहा एअरबॅग सोडायला सांगणार नाही. नव्या डिझायरला त्या अगदी खालच्या मॉडेलपासून आहेत, जुनीला दोनच. बाजारात येण्याच्या दोन-तीन दिवस आधी ग्लोबल एनकॅपने, म्हणजे गाड्या आदळवून सुरक्षितता तपासणाऱ्या संस्थेने, नव्या गाडीला मोठ्या माणसांसाठी 5 आणि मुलांसाठी 4 स्टार दिले होते. हे मी जिभाऊंना शेवटी सांगितलं. व्यापारी माणूस आहे, आधी पैशाचं ऐकतो.

नाना खूश. "म्हणजे माझंच बरोबर होतं. दोन नवीन काढा."

"नाना, तुमचं वेगळं," मी म्हटलं.

नाना वर्षाला पाच हजार किलोमीटर चालवतात. बाजार, देऊळ, महिन्याकाठी धुळ्याचा दवाखाना, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मुलीकडे. मागची गाडी त्यांनी दहा वर्षांच्या वर ठेवली, हीही ठेवणार. विकताना काय येईल याला मग अर्थ उरत नाही, दोन्ही गाड्या तोवर सारख्याच म्हाताऱ्या होतात. पेट्रोलचा हिशेब नानांनी स्वतःच केला, खडू हातात नसताना. वर्षाला 21 लिटर, सव्वादोन हजार रुपये. 80 हजार वसूल व्हायला 35 वर्षं.

"तोवर मी एकशे तीन," नाना म्हणाले.

यावर जिभाऊ भडकले. "तू मना मिस्त्री शेस का तेना? माले नवी घे म्हनस आनि तेले जुनी! हाऊ काय धंदा शे भो?" शेजारच्या टेबलावरचं गिऱ्हाईकसुद्धा वळून बघायला लागलं. मी म्हटलं, गाडी तीच आहे जिभाऊ, चालवणारे दोन आहेत.

पण इथे मी अडलो होतो, आणि ते मी नानांना उघड सांगितलं. एअरबॅग माझ्या कागदावर कुठेच बसत नव्हत्या. पेट्रोलचा भाव लावता येतो, शेपचा अंदाज बांधता येतो, पण धुळ्याच्या रस्त्यावर एखादा ट्रॅक्टर बिनालाइटचा समोर आला तर चार जास्तीच्या एअरबॅगची किंमत 80 हजार की आठ लाख, हे मी कोण ठरवणार? जो मिस्त्री याचं उत्तर छातीठोकपणे देतो, त्याच्यावर मी विश्वास ठेवत नाही.

तेवढ्यात माई बोलल्या, "त्यांच्या गुडघ्याचं विचारा ना."

मला ते माहीत होतं, पण गाडीच्या हिशेबात मी धरलंच नव्हतं. नानांचा डावा गुडघा गेलेला. जुन्या गाडीची क्लच प्लेट मी दोनदा बदलली होती, त्याचं कारणही तेच. पाय पूर्ण उचलत नाही, क्लच अर्धवट दाबलेला राहतो. रेल्वे पुलाच्या चढावर गर्दीत गाडी बंद पडते, मागचे हॉर्न वाजवतात, नाना घाबरतात. गेल्या पावसाळ्यात गाडी मागे सरकून एका मोटरसायकलवाल्याला लागता लागता राहिली होती.

मी सेल्समनला विचारलं, "जुन्यात ऑटोमॅटिक उरली आहे का?"

होती. दोनच उरल्या होत्या. बिनक्लचची ती गाडी मॅन्युअलपेक्षा साधारण 50 हजारांनी महाग, पण त्यावरही सूट होती. हिशेब केला तर नव्या शेपच्या मॅन्युअलपेक्षा जुन्या शेपची बिनक्लचची गाडी अजून थोडी स्वस्तच पडत होती. शिवाय जुन्या डिझायरच्या ऑटोमॅटिकला ईएसपी, म्हणजे घसरताना गाडी सावरणारी यंत्रणा, आणि हिल होल्ड 2020 पासूनच होतं. चढावर ब्रेकवरून पाय काढला की गाडी दोन सेकंद तिथेच धरून ठेवते. नानांना हायवेवर अपघात होण्याची भीती जितकी, त्याहून पुलावर मागे सरकण्याची भीती रोजची. नवीन ऑटोमॅटिक घेतली तर दोन्ही मिळतं, हेही मी सांगितलं. पण ते बजेटच्या बाहेर जात होतं आणि कर्ज काढायचं नाही हे नानांनी घरून ठरवून आणलेलं.

मुलाला फोन लावला. स्पीकरवर तो माझ्यावरच घसरला. "मिस्त्री, तुम्ही आमच्या वडिलांना सहा एअरबॅग सोडायला लावता?" मी म्हटलं, "वरचे पैसे तुम्ही घाला, आत्ता नवीन ऑटोमॅटिक बुक करतो. तीच सगळ्यात चांगली." पलीकडे जरा वेळ शांत. मग नानांनीच फोन हातात घेतला. "पैसे तू घालायचे नाहीत आणि मी घ्यायचे नाहीत," म्हणाले आणि बंद केला. मला ते पटलं असं नाही. मुलाचं म्हणणं चुकीचं नव्हतं.

पुढचा तास यार्डात गेला. स्टॉकमधली गाडी घ्यायची तर कागदापेक्षा ती उभी कशी होती ते बघावं लागतं. आधी दाराजवळची पट्टी आणि चेसिस नंबर, गाडी कोणत्या महिन्यात बनली ते. मग टायर. बाजूवर शेवटचे चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. चारही टायर आणि स्टेपनी एकाच हंगामातली निघाली. एकाच जागी महिनोन् महिने उभी असेल तर टायर खालून बसतो, म्हणून गाडी पुढे-मागे घ्यायला लावली. वायपरचं रबर, दारांची रबरं. बॉनेटखाली वायरिंग टॉर्च मारून पाहिलं. खळी झाली की शेतातले उंदीर आडोसा शोधतात आणि उभ्या गाडीचं वायरिंग हा त्यांचा आवडता खाऊ. काही कुरतडलेलं नव्हतं. बॅटरीला मीटर लावला, 12.1 दाखवलं. चांगली बॅटरी 12.6 च्या आसपास असते. पोरगा म्हणाला, "चार्ज करून देतो." मी म्हटलं, नवीन टाक आणि ते बिलावर लिही. लिहून दिलं.

सुट्या भागांची काळजी नानांना होती. पण जुना शेप टॅक्सीवाल्यांसाठी टूर एस नावाने तेव्हाही विकला जात होता. ज्या गाडीच्या टॅक्स्या रस्त्यावर आहेत, तिचा माल कधी आटत नाही.

जिभाऊंचं बुकिंग वेगळ्याच कारणाने लांबलं. नव्या डिझायरचा भाव हा सुरुवातीचा, 31 डिसेंबरपर्यंतचाच होता, आणि जानेवारीपासून कंपनीने दरवाढ आधीच जाहीर केली होती. गाडी मिळणार जानेवारीत. मग भाव बुकिंगच्या दिवसाचा की बिलाच्या दिवसाचा? तोंडी "बुकिंगचाच" असं सगळेच म्हणतात, पण फॉर्मच्या मागे बारीक अक्षरात बिलाच्या दिवसाचा असतो. मी फॉर्म उलटून ती ओळ जिभाऊंना वाचून दाखवली. जिभाऊंनी पेन खाली ठेवलं. मॅनेजर आला, चहा आला, दुसरा चहा आला. शेवटी मॅनेजरने 31 तारखेच्या आत बिल होईल अशी गाडी दुसऱ्या शाखेतून मागवून दिली. रंग जिभाऊंना हवा तो नव्हता. पांढरा मिळाला. पांढरी विकायला सोपी, असं म्हणून त्यांनी ताबडतोब सही केली.

आम्ही उठलो तरी ते टेबलापाशीच. सेल्समनला विचारत होते, ती दुसरी जुनी ऑटोमॅटिक 31 तारखेपर्यंत गेली नाही तर जानेवारीत काय भावाने मिळेल? तेव्हा ती 'मागच्या वर्षाची' होते ना?

मी त्यांच्याकडे बघत राहिलो.

"मनासाठे नही भो," जिभाऊ म्हणाले, "जवाईसाठे इचारी ऱ्हायनू."