लाँगयरब्येन : बूट काढून आत या

ओस्लोहून विमानाने तीनेक तास सरळ उत्तरेला गेलो, ७८ अक्षांशावर उतरलो, आणि हॉटेलच्या दारातच सांगितलं, बूट इथे काढा. नेमकं माझ्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक, त्यामुळे चेक-इन होईपर्यंत मी एका पायावर दुसरा पाय ठेवून उभा. ही म्हणे खाणकामगारांच्या काळातली सवय, बुटांचा कोळसा घरभर व्हायला नको म्हणून.

नावाचं म्हणाल तर मला आधी वाटलेलं, चार महिने रात्र असते म्हणून वर्ष लांब, म्हणून लाँग इयर 😄 तसलं काही नाही. जॉन मन्रो लाँगयर हे मिशिगनच्या एका उद्योजकाचं नाव, आणि ब्येन म्हणजे गाव. गंमत म्हणजे हा माणूस १९०१ला इथे आला तो आपल्यासारखाच, घरच्यांना घेऊन बोटीने फिरायला! कोळसा बघितला आणि डोक्यात चक्र सुरू. तेव्हा स्वालबार्डवर, म्हणजे हे गाव ज्या आर्क्टिक बेटांवर आहे तिथे, कुठल्याच देशाचं राज्य नव्हतं, म्हणजे परवानगी मागायची तरी कुणाकडे, पाटी ठोका आणि जागा धरा. १९०६ला त्याच्या आर्क्टिक कोल कंपनीने खाण सुरू केली, कामगारांसाठी वस्ती बांधली, झालं गाव. १९१६ला सगळं नॉर्वेवाल्यांना विकून तो मोकळा.

ती पहिली खाण चर्चच्या वरच्या उतारावर अजून दिसते. विहिरीसारखी खाली नाही, डोंगराच्या कुशीत आडवी खणलेली, म्हणून कोळसा रोपवेच्या बादल्यांतून खाली बंदरावर यायचा. १९२०च्या जानेवारीत आत स्फोट झाला, २६ माणसं गेली. ते ऐकल्यावर त्या भोकाकडे फोटोसाठी बघवेना, कॅमेरा बॅगेतच राहिला.

त्याच वर्षी पॅरिसला करार होऊन बेटं नॉर्वेला द्यायचं ठरलं, आणि त्या करारात इंग्रजांच्या पदराला बांधलेला आपला भारतही आहे बरं का! इथे व्हिसा लागत नाही, पण वाट नॉर्वेतून, म्हणून युरोपचा शेंगेन व्हिसा डबल एन्ट्रीचाच, म्हणजे दोनदा आत येऊ देणारा, घ्या, नाहीतर परतताना पंचाईत.

नॉर्वेची इथली शेवटची खाण, सात नंबरची, २०२५च्या जूनमध्ये बंद झाली. आता रस्त्यावर बघावं तिकडे जॅकेटं घातलेले टुरिस्ट, म्हणजे आम्हीच.

रात्री साडेअकराला लख्ख उन्हात रोपवेच्या लाकडी खांबांपर्यंत चक्कर मारून आलो. हॉटेलात बूट काढले तर तळव्यांना काळी भुकटी.